मेंढी 'बॅ' म्हणते की 'वी'? ग्रीक-लॅटिनच्या उच्चारांवरून युरोपात पेटलेला वाद

१५४२ साली केंब्रिज विद्यापीठात एक हुकूम निघाला. विद्यापीठाचा चॅन्सलर स्टीफन गार्डिनर, जो विंचेस्टरचा बिशपही होता, त्याने फर्मावलं की ग्रीक भाषेतली अमुक अक्षरं अमुक पद्धतीनेच उच्चारायची आणि जो नवा उच्चार करेल त्याला शिक्षा. सेनेटवर असाल तर बाहेर, पदवीच्या रांगेत असाल तर पदवी नाही, शिष्यवृत्ती असेल तर बंद, आणि अगदी कोवळा विद्यार्थी असेल तर कॉलेजच्या चार भिंतींच्या आत फटके. हे सगळं कशासाठी, तर काही स्वर आणि एक-दोन व्यंजनं कशी म्हणायची यासाठी!

आता कोणालाही वाटेल की प्लेटो जाऊन तोपर्यंत अठराशे-एकोणीसशे वर्षं झाली होती, टेपरेकॉर्डर नव्हता, मग तो कसा बोलायचा हे कोणाला कळणार आणि त्यावरून भांडायचं तरी कशाला. पण गंमत हीच आहे की ते कळू शकतं, बऱ्यापैकी खात्रीने कळू शकतं, आणि कसं कळतं हे माणसांना पहिल्यांदा नीट उमगलं ते याच भांडणात. म्हणून मला हा विषय फार जवळचा वाटतो.

आधी मुळात भानगड काय होती ते बघू. पश्चिम युरोपात कित्येक शतकं ग्रीक जवळजवळ कोणालाच येत नव्हतं. लॅटिन होतं, चर्चमध्ये होतं, कोर्टात होतं, विद्यापीठात होतं, पण ग्रीकच्या नावाने शून्य. १३९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून मॅन्युएल क्रिसोलोरास नावाचा विद्वान फ्लोरेन्सला शिकवायला आला आणि तिथून चित्र बदललं. पुढे १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेलं, त्याच्या आगेमागे आणखी बरेच ग्रीक पंडित हस्तलिखितं घेऊन इटलीत आले. ही माणसं होमर, प्लेटो सगळं शिकवायची आणि साहजिकच आपल्या घरी जसं ग्रीक बोलतात त्याच उच्चारात शिकवायची. ज्याची भाषा तोच शिकवतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? जर्मनीचा योहानेस रॉयखलिन अशाच लोकांकडून शिकला आणि त्याने तो उच्चार आल्प्सच्या पलीकडे नेला, म्हणून त्या पद्धतीला पुढे रॉयखलिनचंच नाव चिकटलं.

प्रॉब्लेम असा होता की स्पेलिंग जुनं आणि आवाज नवा. मधल्या काळात ग्रीक स्वरांची सगळी उलथापालथ झाली होती आणि एकेकाळी वेगवेगळे असलेले बरेच स्वर आणि जोडस्वर घसरत घसरत येऊन एकाच 'इ'मध्ये मिसळले होते. आयोटा हे अक्षर म्हणजे इ, एटा म्हणजे इ, इप्सिलॉन म्हणजे इ, एप्सिलॉन-आयोटा जोडून लिहिलं तरी इ, ओमिक्रॉन-आयोटा जोडलं तरी इ. वाचणारा नुसता इ-इ-इ करत जातो.

यातून काय होतं बघा. प्राचीन ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'तुम्ही' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'ची सुरुवात एटाने होते, 'तुम्ही'ची इप्सिलॉनने, पुढचं सगळं सारखं. आता दोन्ही अक्षरांचा उच्चार इ केला की आम्ही पण 'इमीस' आणि तुम्ही पण 'इमीस'! अथेन्सच्या सभेत एखादा वक्ता उभा राहून म्हणतोय की चूक तुम्ही केलीत, आम्ही नाही, आणि समोरच्या हजारो लोकांना कोणी केली तेच कळत नाहीये, असं चालेल का? बोलणाऱ्या माणसांनी हे सहन केलंच नसतं आणि खरंच केलं नाही, कारण हे दोन शब्द एकसारखे ऐकू यायला लागल्यावर ग्रीक लोकांनी वेगळी रूपं वापरायला सुरुवात केली. आजच्या ग्रीकमध्ये 'आम्ही' म्हणजे एमीस आणि 'तुम्ही' म्हणजे एसीस. म्हणजे प्लेटोच्या काळी जर जुनेच शब्द सुखाने नांदत होते तर त्यांचे आवाज वेगळे असणारच.

हा झाला तर्क, पण साक्षीदार कोण? तर मेंढी.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये क्रातिनोस नावाचा विनोदी नाटककार होता. त्याची नाटकं गेली, पण एक ओळ जुन्या कोशकारांनी उतरवून ठेवल्यामुळे वाचली, की तो मूर्ख माणूस मेंढीसारखा अमुक अमुक करत चाललाय. ते 'अमुक अमुक' लिहिलंय दोनच अक्षरांत, बीटा आणि एटा, बीटा आणि एटा. बायझंटाईन पंडितांच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या त्या ग्रीकांच्या, उच्चाराने बीटा म्हणजे 'व' आणि एटा म्हणजे 'ई', म्हणजे मेंढी म्हणते वी वी. जगातल्या कुठल्याही धनगराला विचारा, मेंढी वी वी म्हणते का म्हणून. ती 'बॅऽऽ बॅऽऽ' म्हणते, अडीच हजार वर्षांपूर्वी पण तेच म्हणत होती. म्हणजे तेव्हा बीटा होता 'ब' आणि एटा होता लांबवलेला 'ए', 'ॲ'कडे झुकणारा. तसंच ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात कुत्रा भुंकतो 'औ औ', ज्याचं बायझंटाईन उच्चाराने 'अव अव' होतं.

ऐकायला पोरखेळ वाटेल, पण पुरावा म्हणून हा मला कमालीचा वाटतो. क्रातिनोस काही उच्चारशास्त्र लिहायला बसला नव्हता, तो लोकांना हसवत होता आणि हसवता हसवता त्याने आपल्या स्वराचा ठसा सोडला. या सगळ्या शोधात सगळ्यात भरवशाचे पुरावे असेच असतात, ज्यांनी ते सोडले त्यांना आपण काही सोडतोय याचा पत्ताच नव्हता.

मेंढीचा मुद्दा मांडणारा माणूस म्हणजे व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मनुशियस. ग्रीक पुस्तकं छापून ज्याने युरोपला वेड लावलं तोच तो, ज्याच्या मित्रमंडळींच्या बैठकीत फक्त ग्रीक बोलायचं आणि दुसरी भाषा तोंडातून निघाली तर दंड भरायचा असा नियम होता. स्पेनमध्ये आंतोनियो दे नेब्रिखाही याच दिशेने विचार करत होता, जेरोम अलेआंद्रोही. १५०८ मध्ये एरास्मस हा डच विद्वान आल्डसकडे राहिला होता आणि अलेआंद्रो तिथे त्याच्याच खोलीत होता, तेव्हा या गोष्टी तिथे त्याच्या कानावर आल्या असणार असं मानायला जागा आहे.

पण नाव झालं एरास्मसचं. १५२८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या फ्रोबेन छापखान्यातून त्याचं लॅटिन आणि ग्रीकच्या बरोबर उच्चारावरचं पुस्तक आलं. एवढा रुक्ष विषय, आणि त्याने लिहिलाय कसा तर अस्वल आणि सिंह यांच्या गप्पा म्हणून! सिंहाला पोराच्या शिक्षणाची काळजी आहे आणि अस्वल त्याला सल्ले देतंय, बोलता बोलता गाडी अक्षरांवर येते, मग एकेक अक्षर घेऊन ओठ कुठे, जीभ कुठे, पूर्वी काय म्हणत असतील, आत्ता कोणत्या देशात काय म्हणतात असं चालतं. यात एक गाढवही आहे. त्या काळच्या लोकांना स्वर लांब असणं आणि स्वर उंच पट्टीत असणं यातला फरक धरता येत नव्हता, जिथे आघात तिथे स्वर लांब करून मोकळे व्हायचे. एरास्मस म्हणतो, अरे निदान गाढवाकडून तरी शिका, ते ओरडताना वरचा सूर तोकडा ठेवतं आणि खालचा लांबवतं. प्राचीन ग्रीकमध्ये आघात म्हणजे सुराची उंची होती, आपल्याकडे वेदपठणातल्या उदात्त स्वरासारखीच, आणि लांबी-आखूडपणा हा वेगळा हिशोब, तेव्हा गाढवाचं उदाहरण अगदी चपखल आहे.

या पुस्तकाबद्दल एक कथा फिरते. एरास्मसच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी फोसियस नावाच्या डच विद्वानाने ती छापली. ग्लारेआनुस नावाच्या स्विस मित्राने म्हणे एरास्मसची फिरकी घेतली, पॅरिसला काही ग्रीक लोक आलेत आणि ते वेगळाच उच्चार करतात म्हणून थाप मारली, आणि एरास्मसने ती खरी मानून पुस्तक लिहून टाकलं. नव्या उच्चाराच्या विरोधकांना ही कथा भारी आवडायची. पण माझ्या मते कथा खरी धरली तरी काही बिघडत नाही, कारण आल्डस आणि नेब्रिखा याच निष्कर्षावर आधीच पोचले होते आणि पुस्तकातले मुद्दे कोणा पाहुण्याच्या उच्चारावर उभे नाहीत. एरास्मस स्वतः बोलताना मात्र जुनाच उच्चार करत राहिला असं सांगतात.

आता केंब्रिज. तिथे १५३५च्या सुमारास जॉन चीक आणि टॉमस स्मिथ हे दोन तरुण, दोघेही विशीतले, नवा उच्चार वर्गात आणायचं ठरवतात. स्मिथने हे फार सावधपणे केलं. शिकवता शिकवता एखादाच शब्द नव्या पद्धतीने म्हणायचा, जीभ घसरल्यासारखा, आणि पोरं काय करतात बघायचं. पोरं आधी हसली, मग कुजबुजली, मग सरळ येऊन विचारायला लागली. लवकरच सेंट जॉन्स कॉलेजात ॲरिस्टोफेनिसचं एक नाटक नव्या उच्चारात झालं. तिथलाच रॉजर ॲस्कम नावाचा विद्वान आधी विरोधात होता, तोही नंतर यांच्या बाजूला आला. १५४० मध्ये चीक ग्रीकचा पहिला रीजियस, म्हणजे राजाने नेमलेला, प्रोफेसर झाला आणि दोन वर्षांत गार्डिनरचा तो हुकूम आला.

त्यावर चीक आणि गार्डिनर यांच्यात लांबलचक पत्रव्यवहार झाला, लॅटिनमध्ये, आणि तो १५५५ मध्ये बासलला छापलाही गेला. गार्डिनरला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्याचं म्हणणं तसं पोकळ नव्हतं. प्राचीन काळी आवाज वेगळे असू शकतील हे तो धुडकावत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की आवाज रूढीने ठरतात, रूढी बदलते, आणि आज जगभरचे ग्रीक जाणणारे लोक एका पद्धतीने बोलत असताना केंब्रिजच्या पोरांनी भलतंच बोललं तर त्यांना केंब्रिजबाहेर कोण समजून घेणार? वर चार पोरं मास्तरांना शिकवणार आणि म्हाताऱ्यांना हसणार. चीकचं उत्तर असं की आम्हाला बाजारात बोलायचं नाहीये, आम्हाला डेमॉस्थेनिससारखा प्राचीन वक्ता वाचायचाय, आणि त्याने जे वेगळं लिहिलं ते आम्हाला वेगळं ऐकू आलं पाहिजे. शिवाय पोरं लवकर शिकतात, कारण ऐकलं की स्पेलिंग कळतं, सगळं इ-इ असेल तर घोकंपट्टी.

मला विचाराल तर पुराव्यात चीक जिंकला आणि व्यवहारात गार्डिनरचाही एक मुद्दा टिकला, कारण आजही ग्रीसमध्ये शाळेतली मुलं प्राचीन ग्रीक वाचतात ते आजच्या ग्रीक उच्चारातच आणि त्यांना एरास्मसवाला उच्चार परक्याने लादलेला वाटतो. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटलं असतं. पण फटके मारून उच्चार ठरवणं हे कोणत्याच बाजूने समर्थनीय नाही. त्यात तो काळ म्हणजे आठव्या हेन्रीचा, धर्मावरून माणसं जाळली जात होती, कशातही काही नवं म्हटलं की वरच्यांच्या पोटात गोळा यायचा. चीक प्रोटेस्टंट विचारांचा होता हे कॅथलिक वळणाचा गार्डिनर विसरला असेल असं वाटत नाही. १५५५ मध्ये गार्डिनर वारला, १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली आणि बंदीचा विषय संपला.

पुढे जे झालं ते चीकला आवडलं नसतं. ज्या एटाला 'ए' म्हणण्यासाठी तो भांडला, त्याचा उच्चार इंग्लंडमध्ये काही पिढ्यांत पुन्हा 'ई' झाला. त्या काळात खुद्द इंग्रजीतलेच लांब स्वर सरकत होते, इंग्रजी शब्दांमधला 'ए' वर चढत 'ई' होत होता आणि इंग्रज मास्तर ग्रीक पण इंग्रजी स्वरांतच वाचायचे, त्यामुळे ग्रीकही त्याच्याबरोबर वाहत गेलं. आपण मराठीत आजही 'बीटा', 'थीटा' म्हणतो तो 'ई' इंग्रजीकडूनच आलेला आहे.

लॅटिनची गोष्ट वेगळी होती. तिथे दोन पक्ष नव्हते, जितके देश तितके उच्चार. आपल्याकडे संस्कृतचं कसं, ज्ञानेश्वरी म्हणताना मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाला 'ग्यान' म्हणतो, अमृत आपल्याकडे 'अम्रुत' आणि तिकडे 'अम्रित', आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, तसंच. एकाच रोमन वक्त्याला इटलीत चिचेरो, फ्रान्समध्ये सिसेरो, जर्मनीत त्सित्सेरो म्हणायचे. एरास्मसने एक प्रसंग दिलाय: सम्राट मॅक्सिमिलियनच्या दरबारात वेगवेगळ्या देशांची माणसं लॅटिनमध्ये भाषणं करतायत, फ्रेंच माणूस बोलला तर तिथल्या इटालियन लोकांना वाटलं हा फ्रेंचच बोलतोय, मग जर्मन बोलला तो जर्मन वाटला, आणि पुढचे आले त्यांचीही तीच तऱ्हा. योसेफ स्कॅलिगर, आपल्या काळातला सगळ्यात मोठा लॅटिन पंडित, त्याच्याकडे एक इंग्रज आला आणि पाव तास लॅटिनमध्ये बोलला. स्कॅलिगरला तुर्की ऐकल्याइतकंच कळलं. शेवटी त्याने माफी मागितली की मला इंग्रजी नीट येत नाही हो.

मग रोमन लोक खरं काय म्हणायचे? ग्रीक लेखकांनी सिसेरोचं नाव ग्रीक लिपीत लिहिताना दोन्ही ठिकाणी काप्पा म्हणजे स्वच्छ 'क' वापरला, म्हणजे किकेरो. सीझरला लिहिलं काइसार. ते नाव ज्यांनी ज्यांनी लवकर उचललं त्यांच्याकडे तो क जसाच्या तसा राहिला: जर्मनचा कायझर, अरबी-फारसीतला कैसर. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालेलं कैसर-ए-हिंद पदक आठवा, त्या नावात सीझरचा मूळ 'क' शाबूत आहे. (रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकून घेतलं होतं, हे जाता जाता.)

आणि 'व'चं काय? इथे खुद्द सिसेरोच साक्षीला येतो. क्रासुस नावाचा सेनापती ब्रुंडिसियमच्या बंदरात जहाजांवर सैन्य चढवत होता. धक्क्यावर एक अंजीरवाला कॉनुस गावच्या अंजिरांची हाळी देत होता, 'काउनेआस, काउनेआस!' क्रासुस गेला, इराणच्या पार्थियन लोकांवरच्या मोहिमेत मेला, आणि लोक म्हणायला लागले, अरे ती हाळी म्हणजे शकुन होता, देव सांगत होता 'कावे ने एआस', जाऊ नकोस. आता हे दोन्ही एकसारखे ऐकू यायला हवे असतील तर 'कावे'मधला तो व दात ओठावर टेकवून काढलेला असून चालणार नाही, तो 'उ'कडे झुकलेला, दोन ओठांचा, जवळजवळ 'काउए' असा हवा. हाळी देणाऱ्या फेरीवाल्याच्या तोंडून आपल्याला रोमन 'व' कळतो!

एक गोष्ट मात्र एरास्मसच्या नावाने चालणाऱ्या परंपरेलाही धड जमली नाही, आणि इथे आपल्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. फाय, थीटा, खाय ही तीन ग्रीक अक्षरं. युरोपात फाय म्हणजे इंग्रजी एफचा आवाज धरला जायचा आणि अजूनही बऱ्याच वर्गांत धरला जातो. पण क्विंटिलियन नावाचा रोमन शिक्षक सांगतो की फुंडानियस नावातलं पहिलं अक्षर एका ग्रीक साक्षीदाराला म्हणता येत नव्हतं म्हणून सिसेरोने त्याची टर उडवली होती. ग्रीकमध्ये एफ असता तर त्याला अडचण का यावी? म्हणजे फाय हा एफ नव्हताच. तो होता 'प' आणि त्याबरोबर हवा, म्हणजेच आपला 'फ', थीटा म्हणजे आपला 'थ', खाय म्हणजे आपला 'ख'. बहुतेक युरोपियन भाषांमध्ये प आणि फ असा फरक अर्थाला लागत नाही, म्हणून त्यांच्या कानाला तो पकडणं जड गेलं.

आणि याचा पुरावा भारतातच आहे. वायव्येकडे राज्य करणाऱ्या यवन म्हणजे ग्रीक राजांनी नाण्याच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत असा मजकूर छापला. फिलोक्सेनोस राजाच्या नाण्यावर खरोष्ठीत आहे 'फिलसिनस', थिओफिलोसच्या नाण्यावर 'थेउफिलस', अँटिमाखोसच्या नाण्यावर 'अंतिमखस', शेवटचा स म्हणजे षष्ठी, 'चा'. ज्या कारागिराच्या भाषेत प-फ, त-थ, क-ख स्वच्छ वेगळे होते, त्याच्या कानाने ग्रीक नावं ऐकून फ, थ, ख लिहिलंय. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून आणणार? एरास्मसला हे माहीत असणं शक्यच नव्हतं, ही लिपी एकोणिसाव्या शतकात वाचली गेली.

तसाच मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरचा गरुडस्तंभ, गावकरी ज्याला खांब बाबा म्हणतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या शेवटी तक्षशिलेहून आलेल्या एका यवन दूताने तो वासुदेवासाठी उभारला आणि ब्राह्मीत त्याचं नाव कोरलंय, हेलिओदोर. ग्रीकमध्ये या नावाचं पहिलं अक्षर एटा आहे आणि त्यावर 'ह'चं चिन्ह. आजच्या ग्रीकमध्ये हेच नाव होतं 'इलिओदोरोस', ह गेला आणि ए चा इ झाला. पण तो लेख कोरला गेला तेव्हा भारतीय कानाला स्पष्ट 'हे' ऐकू आलं होतं. चीक ज्या स्वरासाठी गार्डिनरशी पत्रं लिहून भांडत होता तो स्वर दगडावर कोरलेला विदिशेला उभा होता.

आज बहुतेक विद्यापीठांत ग्रीक शिकवतात ते एरास्मसच्याच परंपरेतलं, प्रत्येक देशाच्या तोंडाच्या सवयीनुसार थोडं वाकवलेलं, लॅटिनमध्ये वर्गात किकेरो आणि चर्चमध्ये चिचेरो असं दोन्ही चालतं. तुमच्यापैकी कोणी प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं तर शिक्षक कदाचित फिलोसोफियामध्ये एफ म्हणायला सांगतील, वर्गात तसं म्हणा, पण घरी मोठ्याने वाचताना 'फळ'मधला फ म्हणा, दोन्ही ओठ मिटून उघडलेला. हल्ली बरेच जण फळ पण एफने म्हणतात, तसा नको. थीटाला 'थंडी'तला थ आणि खाय या अक्षराला 'खडू'तला ख.